कानबाईची गाणी चॅनलवर आहेत, पण चॅनल कुणाच्या नावावर आहे?

खान्देशातल्या कानबाई देवीच्या रोटांची (सणाच्या नैवेद्याची) गाणी, आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला झोक्यावर म्हणायची गाणी, अहिराणी म्हणी. खान्देशात कितीतरी जणांनी हौसेने, पदरमोड करून हे सगळं यूट्यूबवर चढवलंय. पण चॅनल एका माणसाचं, जीमेल एक, मोबाइल नंबर एक. तो माणूस गेला की काय?

पहिली गाठ अडते सिमपाशी. घरचे रिचार्ज थांबवतात. ९० दिवस वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला मिळतो. पासवर्ड वहीत सापडला तरी ओटीपी त्या नंबरवरच जातो. म्हणून वर्षभर तरी ते सिम चालू ठेवा. गूगलचं टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) लावलेलं असेल तर ओटीपीऐवजी चालणारे बॅकअप कोड आजच काढा. आठ आकडी दहा कोड मिळतात, एक कोड एकदाच चालतो, नवे काढले की जुने रद्द. कागदावर छापून सातबारा-खरेदीखताच्या पिशवीत ठेवा.

मग गूगलचं 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'. खातं ३, ६, १२ की १८ महिने पडून राहिल्यावर कळवायचं ते तुम्ही ठरवता, दहा जणांपर्यंत नावं देता येतात. त्यांना डेटा उतरवून घेता येतो, खात्यात शिरता येत नाही. शेवटी 'खातं डिलीट करायचं का' असं विचारतात. तिथे 'हो' केलंत तर व्हिडिओही जातील. चॅनल चालू राहायला हवं असेल तर ते ब्रँड अकाउंटवर (एकाहून जास्त मालक ठेवता येणाऱ्या गूगल खात्यावर) हलवा आणि मुलीला किंवा भाच्याला मालक म्हणून जोडा. सात दिवसांनी त्यांना मुख्य मालक करता येतं.

माझं ठाम मत आहे की एवढ्यावर थांबू नये. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, गाणी १९५२ मध्ये छापून आली, कारण त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी ती उतरवून ठेवली होती. तशी दुसरी प्रत आपल्या व्हिडिओंचीही हवी. वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर) यूट्यूबची लिंक टाकून भागत नाही, पान साठतं, व्हिडिओ सहसा साठत नाही. मूळ फाइलच इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर फुकट खातं काढून चढवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली नको, तिचा आवाज आधीच दबलेला असतो. फाइलला गाव, साल, गाण्याची पहिली ओळ असं नाव द्या, आणि गाण्याचे शब्द वर्णनात देवनागरीत टाइप करा. आवाज नीट कळला नाही तरी शब्द शोधून सापडतात.

हक्काचं मात्र जिवंतपणीच मिटवा. आपल्या कायद्यात लेखनाचा हक्क लेखक गेल्यावर ६० वर्षं वारसांकडे राहतो. एक भाऊ पुण्यात, एक सुरतेत, सह्या गोळा कोण करणार? वर्णनातच 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवाना, म्हणजे ठरलेल्या अटींवर इतरांना वापरायची आधीच दिलेली मोकळीक, लिहून टाका. आणि गाणाऱ्या मायचा होकार हवाच. गाणं संपलं की मोबाइल लगेच बंद करू नका. तिचं नाव, गाव, गाणं कुणाकडून शिकली आणि ते इतरांनी ऐकलं, उतरवून घेतलं तर चालेल का, हे तिच्याच तोंडून त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्या.