दिव्याचा खांब आणि उसाचा फड

आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर या वर्षात चौथ्यांदा तोच मेसेज आला. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून माणसं मोठी झाली. मजुराची मुलगी फौजदार होते. आज सरकार पुस्तकं, गणवेश, जेवण सगळं फुकट देतं, मोबाईलवर हवे तेवढे शिक्षक आहेत. तरी पोरं शिकत नाहीत, कारण त्यांना इच्छा नाही आणि आईबापांना शिक्षणाची किंमत नाही. परिस्थितीचं रडगाणं बंद करा.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळी झाली की माझा अर्धा वर्ग ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर उसाच्या फडात असतो. त्यामुळे हा मेसेज वाचून अंगठा दाखवणं मला जमत नाही.

आधी फोटोचं बोलू. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवत असत. मुलाला पुस्तक हवं असलं की लेकींकडे पैसे मागत, त्यांच्याजवळ नसले तर त्यांचा दागिना गहाण टाकत. पुढे केळुसकर गुरुजींनी बाबासाहेबांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं, दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यावर बी.ए. झालं. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले तेही बडोद्याच्याच पैशावर. बुद्धी त्यांची, कष्ट त्यांचे, यात वादच नाही. पण फी दिव्याच्या खांबाने भरली नव्हती. आणि स्वतः शिकून आल्यावर त्यांनी मागून येणाऱ्या पोरांना खांब दाखवला नाही, १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. ज्यांचे फोटो आपण लावतो, त्या सगळ्यांनी आधी पोराच्या झोपायची आणि जेवायची सोय बघितली, मग अभ्यासाचं बोलले. फॉरवर्ड करणाऱ्याला नेमकं एवढंच कसं दिसत नाही, कोण जाणे.

फौजदार झालेल्या मुलीचं मलाही कौतुक आहे. आमच्या तालुक्यातही अशा आहेत, त्यांच्या मिरवणुकीत मी फेटा बांधून नाचलोय. पण स्पर्धा परीक्षांचं गणित बघा. एकट्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि हजाराच्या आसपास निवडले जातात. उरलेल्या सगळ्यांना इच्छा नव्हती असं म्हणायचं का? मिरवणूक निघते म्हणजेच ती गोष्ट रोज घडणारी नाही.

आता ‘सगळं फुकट’. खरं आहे, पुस्तकं मिळतात, गणवेश मिळतो, दुपारी खिचडी मिळते. पण हे सगळं शाळेत मिळतं, आणि मूल शाळेपासून तीनशे किलोमीटरवर असतं. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतो आम्ही, ते दाखवून त्याने तिथल्या शाळेत बसावं अशी कल्पना. ऊसतोड मजुरांची टोळी आज या गावच्या शिवारात, पंधरा दिवसांनी पुढच्या. बागलकोटकडे गेली तर शाळा कन्नड. कार्ड पत्र्याच्या पेटीत घडी घालून परत येतं.

गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी एप्रिलमध्ये परत आली. उसाच्या पात्याने दोन्ही हातांवर बारीक काप. पहाटे चारला आईबाप फडात गेले की धाकट्या भावाला सांभाळायचं, हापशावरून पाणी आणायचं, भाकरी थापायच्या, दुपारी वाढ्यांच्या, म्हणजे गुरांना घालतात त्या उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायच्या. वाढ्यांचा हिशोब ती तोंडी चोख सांगायची, शेकड्याला किती, गवळ्याने किती बुडवले. फळ्यावर तीन अष्टमांश लिहिलं आणि ती गप्प. अपूर्णांक आम्ही डिसेंबरात घेतले होते. त्या डिसेंबरात ती कराडच्या पुढे कुठल्या तरी कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, होती. हिला अभ्यासाची इच्छा नाही हे मी कोणत्या तोंडाने लिहू?

मोबाईलचं थोडक्यात. कोपीत वीज नाही, घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, कारण मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा, फोन कधीही येतो.

राहिला ‘किंमत नाही’चा मुद्दा, आणि राग मला याचाच येतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, समजा लाख रुपये. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडला तरी लाख फिटायला २७३ टन लागतात, म्हणजे एकही दिवस न चुकता साडेचार महिने. मध्ये मुलीच्या परीक्षेसाठी गावी आलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे वरून कापतात. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. या हिशोबात शिक्षणाची किंमत कळत नाही असं नाही, ती नेमकी किती रुपये आहे तेसुद्धा कळतं.

मुलगी वयात आली की दुसरी अडचण. कोपीला दार नसतं, आणि गावात ठेवावं तर थकलेल्या आजीजवळ. मग लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के होत्या, बीडमध्ये ४३.७ टक्के. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, नवी उचल मिळते. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. असली लग्नं थांबवायला मी गेलोय, शिव्याही खाल्ल्यात.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालतं, ज्या वर्षी ते वेळेवर सुरू होतं त्या वर्षी वर्गात टिकणारी डोकी मला दिसतात. तीच पोरं, तेच आईबाप, इच्छा एका वर्षात वाढली म्हणावी तर कशाने? नाव मात्र वसतिगृह. आमच्याकडे त्यात दोन वेळचं जेवण आहे, झोपायचं ज्याचं त्याने बघायचं.

दसऱ्याच्या सुमाराला मी त्या तीन अष्टमांशला गप्प झालेल्या मुलीच्या घरी गेलो होतो, या वर्षी तिला ठेवा म्हणून. ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता, भांडी पोत्यात भरून झाली होती. आई म्हणाली, “जेवणाचं आन् रातच्या झोपायचं बघता का सर? म्हतारीला दिसत न्हाई आता. तुमी बघत असाल तर ठिवते.”

जेवणाचं मी हो म्हणालो. रात्रीचं काय सांगावं ते सुचेना. सकाळी ट्रक गेला तेव्हा ती पोत्यांवर बसलेली होती, भाऊ मांडीवर.