म्हणे गणिताला डेस्कटॉप अ‍ॅप लागत नाही

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दोन आठवडे झाले एक मेसेज फिरून राहिला: गणिताच्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरचं डेस्कटॉप अ‍ॅप बनवणं म्हणजे टाइमपास, सगळं ब्राउझरमध्ये होते, असले प्रोजेक्ट एका माणसावर चालतात अन् तो गेला की संपले, खेड्यातल्या पोट्ट्यांना तर त्यात करण्यासारखं काहीच नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात बारावीला गणित शिकवतो, मला यातलं एकही पटत नाही.

आधी ब्राउझरचं. ज्युपिटर, म्हणजे ब्राउझरच्या पानावर गणितं अन् कोड चालवायचं सॉफ्टवेअर, नेट नसलं तरी चालते, मान्य. पण त्याले आधी काळी विंडो उघडून कमांड द्या, मग ब्राउझरमध्ये पान येते, अन् ती काळी विंडो कशाची म्हणून पोरगी ती बंद करते की कर्नल, म्हणजे मागं हिशोब करणारा प्रोग्राम, मेला, पुढचं एकही उत्तर येत नाही. लॅबमध्ये एका तासात तिघींचं असं झालं अन् तिघींना वाटलं गणितच चुकलं. हे मला फार लागलं. डब्ल्यूएक्समॅक्सिमा हे मॅक्सिमा या गणिताच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं डेस्कटॉप अ‍ॅप, त्याच्या आयकॉनवर क्लिक केलं की झालं, १/३ + १/६ लिहून शिफ्ट-एंटर दाबा, ०.५ नाही, वहीत येते तसा १/२ येते.

विंडोज, मॅक, लिनक्ससाठी तीन वेगळी अ‍ॅप कोण लिहीन? कोणी नाही, डब्ल्यूएक्सविजेट्स या बटणं-मेनू बनवायच्या लायब्ररीवर लिहिलेला एकच कोड तिन्हीकडे तिथलीच बटणं, तिथलेच मेनू घेऊन चालतो.

एका माणसाचं म्हणाल तर मॅक्सिमाचंच पाहा. विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून ते सांभाळलं, १९९८ मध्ये जीपीएल, म्हणजे कोणीही वापरावं-बदलावं अशा परवान्याखाली खुलं करायची परवानगी मिळवली अन् २००१ मध्ये ते वारले. ती परवानगी होती म्हणून बाकीच्यांना काम पुढं नेता आलं, नाहीतर आज आमच्या लॅबमध्ये काय असतं?

आता आमचे पोट्टे. ते या अ‍ॅपचे मेनू मराठीत करून राहिले. मेनूतले शब्द वेगळ्या पीओ, म्हणजे भाषांतराच्या, फाइलमध्ये असतात, वर इंग्रजी ओळ, खाली आपली, त्याले प्रोग्रामिंग येणं जरुरी नाही. परवा 'इंटिग्रेट'ला संकलन लिहायचं की समाकलन यावर अर्धा तास भांडण, कारण संकलन म्हटलं की अर्ध्या वर्गाला डेअरीचं दूध आठवते. समाकलन ठेवलं. लाइन गेली म्हणून तिथंच थांबलो, बऱ्याच ओळी रिकाम्या आहेत, पोळा झाला की पुढच्या धरू.