मटण चॉप आणि पंचहौदचा चहा

कोल्हापूरकराने मेन्यू लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला आणि वेटरला विचारलं, “हे मटण म्हणजे बोकडच ना?”

वेटर साठीचा, बो-टाय लावलेला, असले प्रश्न पचवून बसलेला. म्हणाला, “नाही सर, कोकरू.”

“मग मटण का लिहिलंय?”

“पूर्वी मेंढा असायचा म्हणून.”

शब्द एक आणि जनावरं तीन. इंग्रजांचं मटण म्हणजे वाढलेली मेंढी. त्यांनी तो शब्द आपल्याकडे आणून सोडला आणि आपण तो बोकडाला लावला. इकडे अमेरिकनांची मेंढीवरची वासना उडाली, ताटात कोकरू आलं, पण नाव बदलायला कोणी धजावलं नाही. ज्या हॉटेलाने 1935 साली आपल्या दहा लाखाव्या मटण चॉपचा गाजावाजा केला, ते नाव कशाला बदलेल? कोल्हापूरकराने शेवटी तोच मागवला. पाऊण किलोच्या घरातला तो तुकडा समोर आला तेव्हा त्याने सगळीकडून न्याहाळला आणि हळूच मराठीत म्हणाला, “रस्सा कुठाय?”

हे हॉटेल म्हणजे मॅनहॅटनमधलं ‘कीन्स’. 36व्या रस्त्यावर, हेराल्ड स्क्वेअरजवळ, 1885 सालापासूनचं स्टेकहाउस. आमच्यातल्या वसईकराची पन्नाशी होती आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमधला बुफे, पनीर टिक्का आणि गुलाबजाम या वेळी चालणार नाही, असं त्याने बजावून ठेवलं होतं. म्हणून आम्ही सहा जण शनिवारी संध्याकाळी न्यू जर्सीहून ट्रेनने पेन स्टेशनला उतरलो आणि चालत गेलो. वसईकर ख्रिस्ती, कोल्हापूरकर मराठा, लातूरची मैत्रीण बौद्ध, पुणेकर आणि त्याची बायको ब्राह्मण, आणि मी डोंबिवलीची, तीही ब्राह्मणच. जाती लिहिल्या म्हणून नाकं मुरडू नका. ताटाचा विषय निघाला की त्या सांगाव्याच लागतात. न सांगता जो पुढे जातो त्याला बहुतेक वेळा सांगायची गरजच पडत नसते.

आत अंधारलेलं लाकूड, भिंतीभर जुन्या चौकटी आणि छताला टांगलेले पाइप. लांब दांड्याचे, पांढऱ्या मातीचे, पन्नास हजारांहून जास्त. असा पाइप प्रवासात मोडतो, म्हणून गिऱ्हाइकाने तो हॉटेलातच ठेवायचा आणि आल्यावर आपल्या नंबराचा मागून घ्यायचा, अशी पद्धत होती. थिओडोर रूझवेल्टचा आहे, बेब रूथचा आहे, आइन्स्टाइनचाही आहे म्हणतात. पूर्वी इथे फक्त पुरुषच बसायचे. 1905 मध्ये लिली लँगट्री या नटीला आत घेतलं नाही, तेव्हा ती कोर्टात गेली आणि जिंकून येऊन जेवली. तिला काय खायचं होतं यावर तो खटला नव्हता. कोणाशेजारी बसायचं यावर होता.

कीन्स उघडलं त्या वर्षी आनंदीबाई जोशी इथून दीड-दोन तासांवर फिलाडेल्फियाला डॉक्टरी शिकत होत्या. आमची ट्रेन लिंडनला थांबते. तिथून शेजारीच रोझेल हे गाव आहे. 1883 साली अमेरिकेत उतरल्यावर आनंदीबाई तिथेच कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. जाण्याआधी त्यांनी जाहीर सभेत सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. बोलल्याप्रमाणे त्या थंडीत त्यांनी शाकाहार सांभाळला. 1886 मध्ये पदवी घेतली, पुढच्या वर्षी पुण्यात वारल्या, एकविसाव्या वर्षी. आणि त्यांचे यजमान गोपाळराव? त्यांनी 1890 साली पुण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली बडी मंडळी गोळा केली. मिशनने चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी प्याले, कोणी नुसता कप हातात धरला. मग गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात येतील अशी व्यवस्था केली. न्यायमूर्ती रानडे त्यात, टिळकही त्यात. ग्रामण्य उभं राहिलं, म्हणजे जातीबाहेर टाकण्याची भाषा सुरू झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं. पुढच्याच वर्षी हायकोर्टाचा न्यायमूर्ती झालेला माणूस, एक कप चहासाठी!

एका घरातली ही दोन माणसं माझ्या डोक्यातून जात नाहीत. बायकोने परदेशात एकटीने आपलं पथ्य पाळलं, कोणी बघत नसताना. नवऱ्याने घरबसल्या दुसऱ्यांच्या कपात डोकावून त्यांची यादी छापवली. आपल्याकडे गेली दहा वर्षं जो वाद चाललाय त्यात दोन्ही गोष्टींना ‘संस्कृती’ हे एकच नाव मिळतं.

वाद थोडक्यात असा. महाराष्ट्रात गोहत्येला 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. 2015 मध्ये ती बैल आणि वळूंपर्यंत वाढवली. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हशीला ही बंदी लागू नाही, हे पुष्कळांना आजही ठाऊक नसतं. वसईकराच्या आईच्या कढईत तेव्हापासून म्हैस आली. तो म्हणतो, चव तशी नाही, पण आई तीच आहे. 2016 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. तुमच्या घरात तुम्ही काय खाता तो तुमचा खासगी मामला, असा त्याचा अर्थ. मग 2025 च्या ऑगस्टमध्ये आमच्या कल्याण-डोंबिवली पालिकेने स्वातंत्र्यदिनी चोवीस तास कत्तलखाने आणि मटणाची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला. आरडाओरडा झाला, तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवारांनीही नापसंती दाखवली. पालिकेचं म्हणणं, हे 1988 पासून चालत आलंय. असेल. 1988 मध्ये मी डोंबिवलीत शाळेत होते. झेंडावंदन करून, हातात जिलबीचा पुडा घेऊन घरी येताना चाळीतल्या मागच्या खोलीतून खोबरं भाजल्याचा आणि मटण शिजल्याचा वास येई. त्या वासापर्यंत आदेश पोचलेला नव्हता.

पुणेकराला हे बोलणं आवडलं नाही. त्याच्यापुढे मीडियम-रेअर रिब-आय, म्हणजे गोमांसाचा अर्धवट भाजलेला स्टेक होता आणि तो मन लावून खात होता. खाऊ दे, माझी तक्रार खाण्याबद्दल नाहीच. पण याच माणसाने त्या ऑगस्टमध्ये आमच्या ग्रुपवर बंदीच्या बाजूने तीन फॉरवर्ड टाकले होते. वसईकराने हसत हसत आठवण करून दिली. पुणेकर म्हणाला, “तिथली गोष्ट वेगळी. तिथे भावना आहेत. इथेही आहेतच की. कॅलिफोर्नियात घोड्याचं मांस खायला विकता येत नाही, 1998 साली लोकांनी मतदान करून बंदी आणली. तेव्हा कोणी म्हणालं का स्वातंत्र्य धोक्यात आलं?”

मुद्दा खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. अमेरिका हे काही सगळं चालतं असं गाव नाही. इथल्यांनाही घोडा ताटात दिसला तर घास उतरणार नाही, आणि त्यांनी त्याचा कायदा केला. प्राण्यावर माया असणं मागासपणाचं, असं मी म्हणणार नाही. गाईच्या डोळ्यात बघून वाढलेल्या शेतकऱ्याला मी न्यू जर्सीत बसून काय शिकवणार? त्या शेतकऱ्याचा दुसरा प्रश्न मात्र पुणेकराच्या फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. 2015 हे मराठवाड्यात दुष्काळाचं वर्ष होतं. कडबा महाग, पाणी टँकरचं, आणि म्हातारा बैल बाजारात उभा केला तर घेणारा नाही. बैलपोळ्याला ज्याची शिंगं रंगवायची त्याला उपाशी कसं बघायचं, हा प्रश्न स्टेकच्या चवीहून कितीतरी जड आहे. तो त्या कायद्याने सोडवला नाही, नुसता शेतकऱ्याच्या गोठ्यात ढकलला.

आणि घोड्याचा कायदा झाला म्हणून कॅलिफोर्नियात कोणी कोणाचा डबा उघडून वास घेत फिरत नाही. कोणी घोडा खाणाऱ्यांची वेगळी जात काढत नाही. फरक इथे आहे.

तेवढ्यात पुणेकराची बायको म्हणाली, “मला बेकन लागलं वाटतं.” तिने आइसबर्ग लेट्यूसचं सॅलड मागवलं होतं, पांढऱ्या चीजच्या सॉसखाली डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे होते. विषय तिथेच तुटला. मी माझ्या क्रीम घातलेल्या पालकाची वाटी तिच्याकडे सरकवली. खरं सांगायचं तर, आपली पालकाची पातळ भाजी जिने खाल्लीय तिला ही भाजी आजाऱ्याची वाटेल.

स्टेक इतका महाग का, हा प्रश्न लातूरच्या मैत्रिणीने विचारला. वसईकर त्यातला जाणकार. मांस लगेच विकत नाहीत, म्हणाला. हाडासकट मोठे तुकडे थंड, कोरड्या खोलीत काही आठवडे ठेवतात. पाणी उडतं, वजन घटतं, आतल्या आत मांस मऊ होतं आणि चव दाट होते. वरचा सुकलेला काळपट थर कापून फेकून देतात. जे गेलं त्याचेही पैसे आपणच भरायचे. आपलं लोणचं मुरतं ना, तसंच.

ती ऐकत होती. मग सुरी बाजूला ठेवून म्हणाली, “आमची आजी चान्या करायची.”

आमच्यातल्या तिघांना चान्या म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तिने सांगितलं. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची आणि दोरीवर उन्हात वाळवायच्या. कडक झाल्या की डब्यात भरायच्या. कामं नसतील, पावसाळा लागेल, तेव्हा त्या भाजून किंवा कालवणात टाकून खायच्या. मांस बैलाचं असे, तेच परवडायचं. “मला आणि भावाला दोरीखाली बसवायची, कावळे हाकायला. आणि बजावायची, शाळेत कोणी विचारलं तर सांगायचं, कुरडया वाळत घातल्यात.”

कोणीच काही बोललं नाही. मी तिला एकोणीस वर्षं ओळखते. तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू मी करून नेले, माझ्या बाबांच्या वेळी विमानतळावर तिने सोडलं. आमच्या घरी ती शेकडो वेळा जेवली आणि दर वेळी वरण-भात, बटाट्याची भाजी आनंदाने खाल्ली. चान्या हा शब्द एकोणीस वर्षांत निघाला नाही. मी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि न विचारण्याला मी माझा मोकळेपणा समजत होते.

बाहेर पाट्या लावून मांस मुरवतात, त्याचे आठवडे मेन्यूत अभिमानाने छापतात. तिच्या आजीने तेच काम उन्हात केलं आणि नातवंडांना खोटं बोलायला शिकवलं. दोन्हीकडे मांस वाळवायचं तेच शहाणपण. आजीला न्यूयॉर्कचा परवाना नव्हता, एवढंच.

इथे राहून आपण सुटलो असं जे लोक म्हणतात त्यांना मी एडिसनमधल्या भाड्याच्या जाहिराती दाखवते. आपल्याच लोकांच्या ग्रुपवर आजही खोली ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ असते. मुंबईत हीच पाटी एखाद्या सोसायटीने मराठी माणसाला दाखवली की आपण चिडतो, आणि चिडायलाच हवं. इथे ती लावणाऱ्यांत आपलेही असतात. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, भाज्यांची टेबलं वेगळी असावीत, त्याला माझी हरकत नाही. ज्याला चालत नाही त्याला चालत नाही. मलाही गोमांस चालत नाही, आजही नाही, आणि त्याचं कारण मला कोणाला द्यायचं नाही. पण ‘मी खात नाही’ आणि ‘तुला राहायला जागा नाही’ यांच्यामध्ये जो उंबरा आहे तो आपण बॅगेत घालून इथे आणला, कस्टम्सने तपासलाही नाही.

आपल्याकडे याची चांगली रीतही होती. गटारीला मटणाच्या दुकानापुढे रांग लावणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून महिनाभर श्रावण पाळतो. ना त्याला कोणी रांगेत ढकललं, ना कोणी रांगेतून हाकललं. पालिकेचा आदेश न लागता सगळं डोंबिवली महिनाभर जीभ आवरतं. आदेश आला की मात्र तेच पथ्य कोणाच्या तरी विरुद्धचं होतं.

बिल आलं, भांडून पुणेकराने अर्ध्याहून जास्त भरलं. तो मनाचा मोठा आहे, मी त्याच्याबद्दल वर जे लिहिलं ते त्याला वाचून दाखवणार आहे. निघण्याआधी कोल्हापूरकराने आपल्या चॉपचा एक तुकडा माझ्या ताटात टाकला होता, काही न बोलता. कोकरू. मी खाल्लं. मीठ थोडं जास्त, चव बरी, रस्सा हवाच होता.

परतीच्या ट्रेनमध्ये साडेनऊला आईचा फोन आला. तिकडे सकाळचे सात, तिचा पहिला चहा.

“कुठे गेला होतात गं? काय खाल्लंस?”

“पालक,” मी म्हटलं. “क्रीम घातलेला.”

शेजारच्या सीटवर लातूरची मैत्रीण खिडकीकडे तोंड करून हसत होती. “कुरडया,” ती म्हणाली.