मध लावू नका, पाजणं थांबवू नका: थ्रशवरच्या ‘त्या’ मेसेजला उत्तर

माझ्या मावसबहिणीचं बाळ पाच आठवड्यांचं आहे. परवा रात्री तिचा फोन आला, “ताई, फ्रीजरमधलं काढून ठेवलेलं सगळं दूध ओतून देऊ का?” का, म्हणून विचारलं तर तिने एक मेसेज पाठवला. ‘प्रत्येक आईने वाचावे’ असं शीर्षक आणि वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ हा शिक्का. गंमत म्हणजे हा शिक्का पाहिल्यावर लोकांचा विश्वास कमी होण्याऐवजी वाढतो.

मेसेजमध्ये सात मुद्दे आहेत. एक, बाळाच्या तोंडातली बुरशी, म्हणजे थ्रश, आईच्या अस्वच्छतेमुळे होते. दोन, आईचं दूध दूषित होतं, म्हणून बरं होईपर्यंत पाजू नये. तीन, साठवलेलं दूध टाकून द्यावं. चार, बोटाला मध लावून पांढरं जाईपर्यंत बाळाची जीभ घासावी. पाच, आईने साखर पूर्ण बंद करावी. सहा, पाजताना निपल दुखतं म्हणजे थ्रशच. सात, एवढ्याशा जिवाला औषध देऊ नये.

क्रमाने गेलं तर चौथ्यापर्यंत पोचायला वेळ लागेल आणि तोवर कुणीतरी मधाची बाटली उघडलेली असेल. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही. बोटावरून नाही, चोखणीला लावून नाही, ‘नुसता चाटवला’ असंही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात इतर जिवाणूंची वस्ती पक्की झालेली असते, त्यामुळे या बीजाणूंना तिथे रुजायला जागा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसायची असते. तिथे हे बीजाणू रुजतात, विष तयार करतात आणि ते विष नसांकडून स्नायूंना जाणारा संदेशच अडवतं. आधी बद्धकोष्ठता होते. मग बाळ जोर लावून ओढत नाही, रडणं क्षीण होतं, पापण्या उतरतात, मान आणि हातपाय लुळे पडतात. शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. तान्ह्या बाळांमधला हा आजार 1976 मध्ये वेगळा ओळखला गेला. त्याला इतकी वर्षं उलटूनही हा मेसेज फिरतोच आहे.

‘आमचा मध शुद्ध आहे’ हे उत्तर तयार असतंच. शुद्ध मधातही बीजाणू असू शकतात. ते दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत आणि नेहमीच्या उकळण्याने मरत नाहीत. मेसेज म्हणतो, मध जंतुनाशक आहे. बरं, एवढं मान्य: जखमांच्या ड्रेसिंगमध्ये मध खरोखरच वापरतात. पण तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो आणि जखमेवर लावतात. पाच आठवड्यांच्या बाळाच्या तोंडात घालण्याशी त्याचा काय संबंध?

कुणी आधीच मध चाटवला असेल तर घाबरून जाऊ नका, बहुतेक बाळांना काही होत नाही. पण वरची लक्षणं काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसू शकतात. दिसली तर सकाळची वाट न पाहता बाळाला दवाखान्यात न्या आणि मध दिला होता हे आपणहून सांगा. लाजेखातर लपवू नका.

आता ते घासणं. जिभेवर दुधाचा पांढरा थर बऱ्याच बाळांच्या असतो, तो ओल्या मऊ कापडाने सहज निघतो. थ्रशचे चट्टे गालांच्या आतून, हिरड्यांवर, ओठांच्या आतही असतात आणि चिकटून बसलेले असतात. ते ओढून काढले तर खालची त्वचा लालभडक दिसते, रक्तही येतं. म्हणजे एकदा हलक्या हाताने पुसून बघणं ही ओळखायची खूण झाली. मेसेजवाल्याने त्या खुणेलाच उपचार करून टाकलं. ज्या बाळाचं तोंड आधीच हुळहुळं झालंय, त्याचं तोंड सोलून काढायचं आणि वर विचारायचं, बाळ दूध का ओढत नाही?

दुसरा मुद्दा, पाजणं थांबवा. इथे मी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचं, म्हणजे एनएचएसचं, याच विषयावरचं पान समोर ठेवते. ते स्पष्ट सांगतं की थ्रश असतानाही पाजत राहता येतं. दुधातून बाळाला विषबाधा वगैरे काही होत नाही. कॅन्डिडा ही बुरशी आई आणि बाळ दोघांकडे एकमेकांच्या स्पर्शाने फिरते, म्हणून उपाय दोघांवर एकाच वेळी करायचा. पाजणं तोडायचं कारण नाही. उलट बाळंतिणीने अचानक पाजणं बंद केलं तर छाती भरून दगडासारखी होते, गाठी येतात, स्तनदाह होऊ शकतो आणि दूध कमी होतं ते वेगळंच. हा सल्ला लिहिणाऱ्याने भरलेल्या छातीची एक रात्र तरी काढली असेल असं वाटत नाही.

दुखण्यामुळे काही वेळा पाजणं खरंच अशक्य होतं, तेही खरं. मग हाताने किंवा पंपाने दूध काढा आणि वाटी-चमच्याने द्या, पण काढत राहा.

तिसऱ्या मुद्द्यात अर्ध्याच्याही अर्धं सत्य आहे. फ्रीजरमध्ये ठेवल्याने ही बुरशी मरत नाही. म्हणून थ्रशच्या काळात काढलेलं दूध पुढच्या महिन्यांसाठी साठवू नका, उपचार चालू आहेत तोवरच ते बाळाला देऊन संपवा, असं तेच पान सांगतं. टाकून द्या असं कुठेही नाही. बहिणीला मी हेच सांगितलं.

सहावा मुद्दा मला जास्त खटकतो, कारण तो वरवर बरोबर वाटतो. निपल दुखण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे बाळाने नीट न धरणं. बाळ सुटल्यावर निपल चपटं किंवा तिरकं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं बाहेर येत असेल तर आधी पकड सुधारा. गारठ्यात किंवा पाजल्यावर निपल पांढरं पडून मग निळसर, लाल होत असेल आणि आग होत असेल तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसल्याचं ते लक्षण असू शकतं. त्यावर बुरशीचं मलम चोळून काही होणार नाही, ऊब लागते. एकाच बाजूला दुखतंय, ताप आहे, छातीवर लाल गरम पट्टा आहे, हे चित्र थ्रशचं नाही. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

थ्रशचं दुखणं साधारण असं असतं: काही दिवस, आठवडे पाजणं सुरळीत चाललेलं असतं आणि मग अचानक दोन्ही बाजूंना, पाजून झाल्यावर, तासाभरापर्यंत जळजळ होते. तरीही नुसत्या वर्णनावरून पक्कं सांगता येत नाही. 2021 मध्ये ‘ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचं शीर्षकच ‘हे यीस्ट (म्हणजे हीच बुरशी) नव्हे’ अशा अर्थाचं होतं. यीस्ट समजून औषधं घेतलेल्या, तरी दुखणं न थांबलेल्या बायकांमध्ये खरी कारणं भलतीच निघाली. म्हणून बाळाचं तोंड आणि आईची छाती दोन्ही कुणीतरी डोळ्यांनी पाहायला हवी. फोनवरच्या फोटोवर भागवू नका.

अस्वच्छता आणि साखर एका दमात उरकते. कॅन्डिडा बहुतेक निरोगी माणसांच्या अंगावर असतेच. प्रतिजैविकं घेतल्यावर तिला आवरणारे जिवाणू कमी होतात आणि ती माजते. सिझेरियननंतर प्रतिजैविकं मिळालेल्या आईला अस्वच्छ म्हणणं हा निव्वळ कोडगेपणा आहे. हात धुणं, विशेषतः लंगोट बदलल्यावर, आणि चोखण्या निर्जंतुक करणं उपयोगाचं आहे, एवढं मान्य करते. साखर सोडल्याने निपलवरची बुरशी उपाशी मरते याला भरवशाचा पुरावा नाही. त्या आईला धड झोप नाही, आता तोंडातला घासही मोजायचा?

मेसेजखाली कुणीतरी ‘जांभळं औषध’, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, सुचवलंय. कर्करोगाच्या संभाव्य धोक्यामुळे कॅनडाच्या आरोग्य खात्याने 2019 मध्ये त्याबद्दल इशारा दिला आहे. सोडा तो नाद.

राहिलं औषध. बाळाचा थ्रश अगदी सौम्य असेल तर कधीकधी आपोआप जातो, हे खरं. पण बाळ पिताना चिडतंय, सोडून देतंय, आईला जळजळ आहे, तर औषध लागतं आणि ते साधंच असतं. बाळाला निस्टॅटिनचे थेंब किंवा मायकोनाझोलचं जेल, आईला मायकोनाझोलचं मलम. पाजण्याआधी दिसणारं मलम हलकेच पुसून टाकायचं. जेलबाबत सावध राहा: ते घशात अडकून बाळ गुदमरू शकतं. ब्रिटनमध्ये चार महिन्यांखाली त्याला परवाना नाही, त्यामुळे तान्ह्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. दिलंच तर स्वच्छ बोटाने थोडंथोडं, तोंडाच्या पुढच्या भागात, घशाकडे नाही. बाळाच्या ढुंगणावर लाल पुरळ आणि कडेने सुटे लाल ठिपके असतील तर तेही दाखवा, ती हीच बुरशी असू शकते. दोन-तीन दिवसांत फरक दिसायला लागतो. आठवडा होऊनही काही फरक नसेल तर तेच मलम पुढे रेटू नका. परत जा आणि हा थ्रशच आहे का, तिथपासून पुन्हा तपासून घ्या.