निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागितली, म्हणून डिस्क फॉरमॅट करू नका

‘विंडोज ११ टाकल्यावर निळा पडदा येऊन ४८ अंकी की मागितली, तर कॉम्प्युटर हॅक झालाय. डेटा गेलाच, लगेच फॉरमॅट करा,’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि त्याने खरंच नुकसान होईल.

तो पडदा बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्याच कुलपाचा असतो. मशीनमधली टीपीएम नावाची चिप कॉम्प्युटर सुरू होतानाची त्याची स्थिती तपासते. अपग्रेड, बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट किंवा सिक्युअर बूटमधल्या (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बदलाने ती स्थिती वेगळी दिसली, तर विंडोज मालकाकडे ही ४८ अंकी की मागतं. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही मशीन्सवर हेच झालं होतं. मायक्रोसॉफ्टने ते स्वतः मान्य करून ऑगस्टच्या अपडेटमध्ये दुरुस्त केलं. खंडणी मागणारा व्हायरस पैसे मागतो, हा पडदा मागत नाही.

डेटा डिस्कवर जागच्या जागी असतो. फॉरमॅट केलं, तर मात्र तो जातो.

मोबाईलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा आणि त्या कॉम्प्युटरची रिकव्हरी की, म्हणजे हीच ४८ अंकी की, शोधा. पडद्यावरचा की आयडी (त्या कीची ओळख) जुळतो का, ते आधी पाहा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की बहुधा आयटी विभागाकडे असते. की कुठेच सापडली नाही, तर मायक्रोसॉफ्टही ती नव्याने देऊ शकत नाही. म्हणून अपग्रेडच्या आधीच ती कागदावर उतरवून ठेवा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्याने कितीतरी घरांत अपग्रेड चालू आहे. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.