माझ्या नावाची सव्वा मूठ

यंदा कानबाईच्या रविवारी, म्हणजे श्रावणात आम्हा खानदेशी घरांत ही देवी बसते त्या दिवशी, आमच्या अमळनेरच्या घरात रोटावरून, तिच्या गव्हाच्या प्रसादावरून, भांडण झालं. धाकट्या वहिनीचा एकवीस दिवसांचा डिटॉक्स चालू होता आणि तो नेमका अकरावा दिवस. सकाळी दुधी-पालकाचा रस, दुपारी डब्यातली पूड कोमट पाण्यातून, रात्री परत रस. तिनं रोटाचा तुकडा हातात घेतला, कपाळाला लावला आणि ताटात परत ठेवला. अप्पा, म्हणजे माझे धाकटे चुलते, ताटावरून उठले.

इथे स्टुटगार्टला रविवारची दुपार होती. सगळं बंद, बाहेर पाऊस, आणि फोनवर घरच्या ग्रुपचे निरोप एकामागून एक. वहिनीचं म्हणणं, "खानदेशी जेवण म्हणजे नुसतं तेल आणि मिरची, शरीरात साठलेलं विष कधीतरी बाहेर काढायला नको का?" अप्पांचं म्हणणं, "बापजाद्यांनी हेच खाल्लं, नव्वदीपर्यंत जगले, तुमची ही बाहेरची खुळं घरात आणू नका." मग वहिनीनं लिहिलं की भाऊजींना विचारा, ते परदेशात आहेत, त्यांनीही केलंय.

हो, केलंय. म्हणूनच मला दोघांचाही राग आला.

२०१९ च्या मार्चमध्ये मी सात दिवस उपवास केला. आश्-मिट्वोख, म्हणजे ख्रिश्चनांचा उपवासकाळ सुरू होतो तो बुधवार, तेव्हापासून ईस्टरपर्यंत आमच्या ऑफिसात निम्मे लोक काही ना काही सोडतात. कुणी बिअर, कुणी चॉकलेट. कुणी त्याचा गाजावाजा करत नाही, कुणी पूड विकत घेत नाही. त्या वर्षी माझं एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं होतं, वजन ८४ किलो. हाउसआर्त्स्तिन, म्हणजे आमची नेहमीची डॉक्टर, म्हणाली, अजून मधुमेह नाही, पण दारात आहे. एक सहकारी बुखिंगर पद्धतीच्या उपवासाच्या गटात जायची, मी तिच्याबरोबर गेलो. ओटो बुखिंगर हे इथले डॉक्टर, १८७८ ते १९६६. स्वतःचा संधिवात उपवासानं हटला म्हणून त्यांनी जन्मभर हेच काम केलं. बोडेनझे सरोवराच्या काठी युबरलिंगेनला १९५३ पासून त्यांचं उपवासाचं रुग्णालय आहे.

आधी डॉक्टरकडून रक्ताची तपासणी. मग दोन दिवस बिनमिठाचा भात आणि वाफवलेल्या भाज्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ग्लाउबरझाल्त्स, म्हणजे जुलाबाचं मीठ, पाण्यात विरघळवून प्यायचं, दुपारपर्यंत पोट रिकामं. पुढे सकाळी झाडपाल्याचा चहा, दुपारी भाज्यांचं निवळ पाणी, संध्याकाळी पाणी घातलेला रस, चमचाभर मध. सगळं मिळून दिवसाला अडीचशे ते पाचशे कॅलरी. जेवणाच्या वेळेला पोटाच्या उजव्या बाजूला ओला टॉवेल आणि गरम पाण्याची पिशवी ठेवून पडून राहायचं. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की मी रजा टाकली. ते विष बाहेर पडत नव्हतं, कॉफी सुटली होती.

वहिनीला मी हे लिहून कळवलं. विष साठून राहतं आणि रसानं धुऊन निघतं असं काही नसतं. यकृत आणि मूत्रपिंडं ते काम रात्रंदिवस करतात, त्यांना दुधीच्या रसाची वाट पाहावी लागत नाही. सात दिवसांत माझं साडेचार किलो वजन उतरलं आणि त्यातलं तीन किलो महिन्याभरात परत आलं. उतरलं ते बरंचसं पाणी. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो तो आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवतो. साठा संपला की पाणी जातं, जेवायला लागलं की परत येतं. किटच्या जाहिरातीत 'दहा दिवसांत पाच किलो' असतं ते हेच.

आणि काकूचं काय? वहिनीचं पाहून काकूनंही रस सुरू केला होता. काकू मधुमेहाच्या गोळ्या घेते. गोळी पोटात, अन्न नाही. चौथ्या दिवशी ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. साखर चमच्यानं तोंडात घातली तेव्हा डोळे उघडले. इथे आमच्या गटात गोळ्या घेणाऱ्या एका माणसाला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय बसू दिलं नव्हतं. अमळनेरला एवढं विचारणारं कुणी का नसावं?

पण म्हणून अप्पा बरोबर ठरत नाहीत. आजोबा नव्वदीपर्यंत जगले हे खरं. ते काय खात होते? सकाळी कळण्याची भाकरी, ज्वारी आणि सालासकट उडीद मीठ घालून दळलेले. तिच्यावर ठेचा, वरून शेंगदाण्याचं कच्चं तेल, तेही पळी हात राखून ओतलेली. दुपारी शेतात भाकरी-कांदा. रात्री खिचडी नाहीतर डाळ. मांडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जावई आला तर. शेवभाजी त्यांनी घरात कधी पाहिली नसेल. आता दर शनिवारी गाडी काढून ढाब्यावर शेवभाजी असते, तर्री नाही दिसली तर वाटी परत जाते. तीन मोठे चमचे तेल म्हणजे साडेतीनशेच्या वर कॅलरी, भाकरी मोडायच्या आधीच. आणि शेत वाट्यानं दिलेलं आहे, अप्पा मोटरसायकलवरून बांधापर्यंत जातात.

अमळनेरकरांना तर तेलाचं वेगळं सांगायला नको. १९४५ मध्ये आमच्याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. आजी सांगायची, त्याच्या आधी सणाला तळण काढायचं तर घरातलं तेल मोजून ठेवावं लागे.

देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आयसीएमआरच्या पाहणीचा २०२३ मध्ये छापून आलेला आकडा. आमच्या घरातले चार त्यात आहेत. बापजाद्यांचं नाव घेऊन हे झाकलं जात नाही. आणि बाहेरचं खूळ म्हणायचं तर २०१८ च्या सुमारास घराघरात 'दीक्षित की दिवेकर' चाललं होतं, दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं, तेव्हा अप्पा स्वतः दीक्षितांचं ऐकून पंचावन्न मिनिटांचं घड्याळ लावून जेवत होते. तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आपल्याकडे हे सगळं होतं. आई चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं तोंडात घालत नाही. कांदेनवमीला शेवटची भजी, मग थेट चंपाषष्ठीला भरीत. चार महिन्यांहून जास्तच. त्यासाठी तिनं कधी पैसे मोजले नाहीत, फोटो टाकले नाहीत. इथल्या लोकांनी आपल्या ब्रेडची संस्कृती २०१४ मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत नोंदवली, रोगेनब्रोट, म्हणजे राय धान्याच्या ब्रेडबद्दल तासभर बोलतात. आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपल्याच घरातली सून म्हणते खानदेशी जेवण म्हणजे नुसतं तेल. तिला कळण्याची भाकरी दिसत नाही, फुणके-कढी दिसत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. तीन मोठे निरोप. खरंच चांगलं लिहिलं होतं, अजूनही त्यातलं एक वाक्य मागे घेणार नाही.

पण उपवासात मला जे कळलं ते त्यात नव्हतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाला नेहमीसारखा आईचा फोन झाला. ती झोपायच्या आधी आम्ही बोलतो. फोन ठेवला आणि माझा हात आपोआप कपाटाकडे गेला, शेवेच्या डब्याकडे. भूक नव्हती, चौथ्या दिवशी भूक उरतच नाही. डबा वर ठेवला होता, त्याच्या शेजारी आईनं दिलेला काळा मसाला. मी त्याचं झाकण उघडून वास घेतला आणि स्वयंपाकघरात खाली बसलो, बराच वेळ. तेव्हा लक्षात आलं की सहा वर्षं रोज फोन ठेवल्यावर मी खात होतो. आबेन्डब्रोट, म्हणजे संध्याकाळचं ब्रेडचं जेवण, झालेलं असायचं, तरी खायचो. ८४ किलोंत त्या सहा वर्षांच्या संध्याकाळी होत्या.

मग बदललं. रात्रीचं जेवण सातच्या आत, ऑफिसला जाताना लिफ्ट सोडून श्टेफेले, म्हणजे इथल्या टेकड्यांवरच्या पायऱ्या, पांढरा भात आठवड्यातून दोनदा. आईकडून कळण्याचं पीठ आणायला लागलो. पुढच्या मार्चमध्ये एचबीएवनसी ५.६.

मधल्या डिसेंबरात मी घरी गेलो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

आईनं भरीत केलं होतं. परसात कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, वरून खमंग फोडणी. केळीच्या पानावर वाढलं. पानाच्या हिरव्यावर तेल पसरत होतं. मी खिशातून टिश्यू काढला, भरितावर ठेवला आणि दाबला. कागद पिवळा झाला. तो घडी करून बाजूला ठेवला, दुसरा काढला. आई उभी होती, हातात पळी. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझं वेगळं पातेलं व्हायला लागलं, बिनतेलाचं. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर तीही त्याच पातेल्यातलं वाढून घेत होती, मी एकटा पडू नये म्हणून. मी तेव्हा तिला फायबर समजावून सांगितलं.

वहिनीनं रोट ताटात ठेवला हे वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तेव्हा डोळ्यांसमोर तो पिवळा कागद होता.

ग्रुपवर माझ्या तीन निरोपांना अप्पांनी एकाच ओळीत उत्तर दिलं. आमच्या घरी रोटांसाठी प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात. अप्पांनी लिहिलं, "तुझी सव्वा मूठ तेरा वर्षं पडते आहे, तेरा वर्षं तिचा रोट दुसरेच खातात, तिनं निदान कपाळाला तरी लावला."

त्याला उत्तर नव्हतं. रजा ऑगस्टमध्ये मिळते, मुलांच्या शाळेलाही इथे तेव्हा सुट्टी असते. आम्ही डिसेंबरात जातो कारण तेव्हा अमळनेरला थंडी असते, वांगी चांगली असतात. रोटाला कधी गेलो नाही. भाऊबंदकीच्या बाहेर तो द्यायचा नसतो, पुनवेच्या आत संपवायचा असतो, पार्सलनं येत नाही.

सोमवारी बोरी नदीत कानबाईचं विसर्जन झालं, त्यानंतर मी आईला फोन केला. वहिनीचं, काकूचं, अप्पांचं बोलून झालं. मग विचारलं, यंदा माझी मूठ घातली का.

"मोजी लिधी ना भाऊ," ती म्हणाली. "तुनी कशी सोडसू?"

कोण खातं माझ्या वाट्याचा, असं विचारलं. तिनं सांगितलं, दरसाल मीच खाते, आधी तुझा, मग माझा. गेल्या वर्षापासून तिला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. दोन रोट म्हणजे किती गहू, किती साखर वाढते, हे मला तोंडपाठ आहे. मी तिला काहीच सांगितलं नाही.