पाऊस विकताय, तर पावसात बसायला छप्पर तरी द्या

‘मान्सून स्पेशल पॅकेज’ हे शब्द नुसते दिसले तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते. मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागच्या किनारपट्टीवर जुलैत खोल्या भरायच्या असतात म्हणून ही पॅकेजं काढतात आणि जाहिरातीत फोटो टाकतात डिसेंबरचे. निळंशार पाणी, पॅराशूटला लटकलेली माणसं, पाण्याखाली मासे बघणारी पोरं. पोचल्यावर कळतं की यातलं काहीही सुरू नाही. स्कूबा, स्नॉर्केलिंग, पॅरासेलिंग, बनाना राइड, सगळं मेअखेरीस बंद होतं ते ऑगस्ट संपेपर्यंत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, त्यामुळे संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायला जावं तर तोही नाही.

बंदीबद्दल माझी काही तक्रार नाही. ती हवीच. माशांच्या विणीचा काळ असतो, दर्या खवळलेला असतो, त्यात कोणी कशाला मरायला जावं? माझा संताप आहे तो हे सगळं पक्कं ठाऊक असताना फोनवर ‘ॲक्टिव्हिटीज भरपूर आहेत मॅडम, मुलं कंटाळणारच नाहीत’ असं बिनदिक्कत सांगून ॲडव्हान्स घेणाऱ्यांवर.

आम्ही गेलो तेव्हा दोन मुलं आणि सासूबाई बरोबर होत्या. पाऊस लागला तो थांबेचना. खोलीबाहेर बसायला जागा म्हणजे दीड हात रुंदीची पडवी, तीही वाऱ्याच्या तोंडाला, त्यामुळे खुर्च्या भिजलेल्या. जेवणाच्या हॉलमध्ये बसावं तर साडेदहाला नाश्ता आटपला की दिवे बंद. टीव्हीवर ‘सिग्नल नाही’. वीज गेली तर जनरेटर फक्त संध्याकाळी. मुलांचे बूट वाळेनात, टॉवेल वाळेनात, चादरींना कुबट वास.

मी काउंटरवर जाऊन विचारलं की त्या ॲक्टिव्हिटीज कुठे आहेत. त्यांनी कोपऱ्यातल्या कॅरमकडे बोट दाखवलं. त्या बोर्डाचं प्लाय दमटपणाने मधोमध फुगलेलं होतं. सोंगटी मारली की चढावर जाऊन थांबायची आणि घरंगळत परत यायची. पावडरचे ओले गोळे झालेले. राणी नव्हतीच, तिच्या जागी शर्टाचं लाल बटण. धाकटीने चार डाव प्रयत्न केला आणि रडायला लागली. मॅनेजरचं उत्तर ठरलेलं, ‘मॅडम, पाऊस काय आपल्या हातात आहे का?’ जेवण वाढणारा पोरगा तेवढा खरं बोलला. ‘पावसात हय काय नसता, काकी.’ त्याच्यावर मी कशी चिडू? चिडायचं ते त्याच्या मालकावर, ज्याला हे पक्कं माहीत आहे आणि तरी तो उलटं सांगून पैसे घेतो.

पाऊस हातात नाही म्हणे! अहो, सिंधुदुर्गात पाऊस आगंतुक पाहुणा आहे का? जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो, हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय. तुम्ही इथलेच, तुमच्या आजोबांनी याच पावसासाठी उतरती कौलं घातली, ऐसपैस पडवी ठेवली. तुम्ही मात्र बांधताना सपाट गच्ची घातलीत, समुद्राकडे तोंड करून काचा लावल्यात आणि चार माणसं कोरडी बसतील अशी एक जागा ठेवली नाहीत. आणि पॅकेजचं नाव मात्र मान्सून!

इंटरनेटवर शोधलं तर त्याहून संताप. पावसाळी दिवशी काय कराल, तर खिडकीत बसून गरम चहा आणि कांदाभजी खा, पुस्तक वाचा, आराम करा. हे करायला मी पुण्याहून आठ-नऊ तास घाट उतरून कशाला येऊ? मला पुण्यात खिडकी नाही का?

पण यातली सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. करायला काही नसलं की माणसं समुद्रावर जातात. खोलीत कोंडून घेतलेली तरुण पोरं ‘जरा पाय भिजवून येऊ’ म्हणत निघतात आणि गेटवरचा माणूस त्यांना अडवत नाही. उलट आम्हाला एकाने सांगितलं, ‘जावा की, गुडघाभरच पाणी आहे.’ पावसाळ्यात गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला आडवं करतं. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात परत आत खेचलं जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तो शांत दिसतो आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. देवबागला तर कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथल्या ओढीबद्दल बोलायलाच नको. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. तो उन्हाळा होता! मग जुलैत पाहुण्यांना समुद्राकडे हसत हसत पाठवणाऱ्याला काय म्हणायचं?

तळमळ अशासाठी की या जिल्ह्यात पावसात करण्यासारखं खरोखर आहे. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. चित्रांची पोथी मांडून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतात, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, कळसूत्री बाहुल्या नाचवतात. परशुराम गंगावणे यांनी गोठ्यात त्याचं संग्रहालय उभं केलं, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं छपराखाली आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, रंगवतात. दशावतारी गंजिफाच्या एका संचात गोल गोल 120 पानं, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराची बारा. तिथेच चितारआळीत लाकडी फळं-खेळणी. तारकर्लीहून गाडीने दीडेक तासाचा रस्ता. आमच्या त्या रिसॉर्टमध्ये याचा साधा कागदसुद्धा नव्हता. आम्हाला सांगितलं ते रिक्षावाल्या काकांनी, निघायच्या आदल्या संध्याकाळी, तेव्हा सगळं बंद व्हायची वेळ झाली होती. माझ्या मुलीला बाहुल्यांचं वेड आहे. ती पिंगुळीपासून इतक्या जवळ राहून खोलीच्या भिंतीकडे बघत बसली, हे मला अजून सहन होत नाही.

जेवणाचंही तेच. पावसाळ्यात इथे परसात टाकळा येतो, फागलं म्हणजे करटोली येतात, अळू माजतं, शेतात कुर्ल्या म्हणजे खेकडे निघतात. आम्हाला रोज पनीर बटर मसाला आणि बर्फातली सुरमई. सासूबाईंनी टाकळ्याची भाजी मागितली तर ‘ती टुरिस्ट लोक खात नाहीत’ म्हणाले. मागणारी बाई समोर उभी आहे आणि तिलाच सांगतायत की तुम्ही खात नाही!

पैसे अर्धे तरी परत द्या म्हटलं तर ‘पॉलिसी नाही’. ठीक. मग बुकिंग घेताना तिथेच ठळक लिहा की जूनपासून ऑगस्टपर्यंत किल्ला नाही, स्कूबा नाही, समुद्रात उतरायचं नाही. डिसेंबरचे फोटो काढून टाका, जुलैचे लावा. गढूळ समुद्र आणि काळं आभाळ बघून ज्यांना यायचंय ते येतील, आणि खुशीने येतील, आमच्यासारखे पाऊस आवडणारे पुष्कळ आहेत. एक पत्र्याची का होईना मोठी शेड घाला. पिंगुळीच्या कलाकारांना मानधन देऊन बोलवा. गेटवरच्या माणसाला सांगा की पाहुणा समुद्राकडे निघाला तर त्याला अडव. आणि ‘ॲक्टिव्हिटीज आहेत ना भरपूर’ हे वाक्य फोनवर पुन्हा कोणाला ऐकवू नका.